बोलावल्याशिवाय रथात चढू नका : रोजच्या जगण्यात ख्रिस्ताविषयी कसं बोलावं

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ८. गाझाकडे जाणाऱ्या निर्जन वाटेवर कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत चालला आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत जवळ जातो. तो काय वाचतोय ते आधी ऐकतो आणि मग एकच प्रश्न विचारतो : वाचताय ते समजतंय का? अधिकारी त्याला वर येऊन शेजारी बसण्याची विनंती करतो. तेव्हा कुठे फिलिप्प रथात चढतो, आणि बोलायला सुरुवात करतो तीही अधिकाऱ्यासमोर उघडलेल्या त्याच उताऱ्यापासून.

जवळ जाणं, ऐकणं, विचारणं, बोलावणं आलं की बसणं, आणि समोरचा जिथे आहे तिथून सुरुवात करणं, असा हा क्रम आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं चुकतं ते चौथ्या पायरीवर. एक तर आपण रथाच्या आसपासही फिरकत नाही, नाहीतर कुणी बोलावायच्या आत उडी मारून आत बसतो. समोरच्याला ‘नको’ म्हणायला जागा ठेवून बोलायचं कसं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

आधी देवाशी, मग माणसाशी

कलस्सैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात (वचनं २ ते ६) प्रेषित पौलाने लावलेला क्रम पाहा. आधी प्रार्थना, मग बाहेरच्यांशी शहाणपणाने वागणं आणि शेवटी बोलणं. बोलणंही कसं, तर कृपायुक्त, मिठाने रुचकर केलेलं आणि ‘प्रत्येकाला’ कसं उत्तर द्यावं हे समजून केलेलं. सगळ्यांना एकच पाठ केलेलं उत्तर देऊन चालत नाही, हे त्या ‘प्रत्येकाला’मध्येच आलं.

एक छोटी वही करा. तिच्यात तीन ते पाच नावं लिहा. त्याहून जास्त नावं घेतली की त्या माणसांच्या आयुष्यात काय चाललंय हे लक्षात राहत नाही आणि प्रार्थना नुसती नावं वाचण्यावर येते. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीच्या सध्याच्या दोन गोष्टी लिहा : आईचं ऑपरेशन, नवीन नोकरी, भावाशी अबोला. रोज पाच मिनिटं या गोष्टींसाठी प्रार्थना करा आणि आठवड्यातून एकदा नोंदी ताज्या करा. नोंद ताजी करायची तर त्या माणसाची विचारपूस करावीच लागते. वहीचा अर्धा फायदा त्यातच आहे. या खासगी गोष्टी आहेत, म्हणून वही कुणाच्या हाती पडू देऊ नका आणि प्रार्थनासभेत नावानिशी वाचूनही दाखवू नका.

इथे एक धोका आहे. वहीतली माणसं हळूहळू ‘काम’ होऊन बसतात. स्वतःला विचारा : ही व्यक्ती कधीच विश्वास ठेवणार नाही असं आज कळलं, तरी मी उद्या तिला भेटायला जाईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर सुवार्तेचा, म्हणजे येशूविषयीच्या शुभवार्तेचा, विषय बाजूला ठेवा आणि आधी मैत्री खरी करा. आपण कशासाठी आलोय हे लोकांना लवकर कळतं.

लपवू नका, लादू नका

सहकाऱ्याने विचारलं, ‘रविवार कसा गेला?’ तर ‘ठीक’ म्हणून विषय संपवू नका आणि प्रवचनही सुरू करू नका. ‘सकाळी मंडळीत, म्हणजे चर्चला, गेलो होतो. क्षमेवर प्रवचन झालं, ते अजून डोक्यात घोळतंय.’ एवढं बोलून थांबा. त्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर पुढे बोला. त्याने दुसरा विषय काढला तर मनापासून त्या विषयात सामील व्हा.

असा ओझरता उल्लेख ओळखीच्या सुरुवातीच्या काही भेटींतच व्हायला हवा. दोन वर्षं श्रद्धेबद्दल एक अक्षर न काढता एके दिवशी कुणी तासभर बोलायला बसवलं, तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं : ही मैत्री यासाठीच होती तर! याउलट तुम्ही ख्रिस्ती आहात हे पहिल्यापासून माहीत असलेला माणूस अडचणीच्या वेळी आपणहून तुमच्याकडे येऊ शकतो.

१ पेत्र ३:१५ हे वचन साक्ष देण्याबद्दल, म्हणजे येशूविषयीचा आपला अनुभव सांगण्याबद्दल, नेहमी सांगितलं जातं. ते नीट वाचलं तर उत्तर द्यायचं आहे ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने व आदराने. म्हणजे कुणाला तरी विचारावंसं वाटेल असं काही तुमच्या जगण्यात आधी दिसायला हवं. घेतलेले पैसे वेळेवर न देणारा, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटणारा, पाठीमागे चहाड्या करणारा माणूस येशूबद्दल कितीही गोड बोलला तरी ते बोलणं येशूच्याच विरुद्ध जातं. असं काही घडलं असेल तर पहिली पायरी एकच : त्या व्यक्तीकडे जाऊन माफी मागणं. ‘पण’ न लावता मागितलेली माफी हीसुद्धा साक्षच असते.

ऐकण्याची तयारी

योहानाच्या शुभवर्तमानात ३रा आणि ४था अध्याय लागोपाठ वाचा. शास्त्र जाणणाऱ्या निकदेमाशी येशू नव्या जन्माबद्दल बोलतो. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलताना तो स्वतः तहानलेला आहे आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागून सुरुवात करतो, मग तिला जिवंत पाण्याबद्दल सांगतो. निकदेमाला जिवंत पाण्याचं सांगितलं नाही, तिला नव्या जन्माचं सांगितलं नाही. शिवाय तिच्याशी बोलण्याआधी त्याने तिची मदत मागितली, हेही विसरू नका. आपण नेहमी देणाऱ्याच्याच भूमिकेत राहिलो तर समोरचा कायम घेणारा ठरतो, आणि त्या नात्यात मोकळं बोलणं अवघड होतं.

काही प्रश्न उपयोगी पडतात : ‘कठीण काळात तुम्हाला आधार कशाचा वाटतो?’ ‘लहानपणी देवाबद्दल काय ऐकलं होतंत?’ ‘प्रार्थना करावीशी वाटते का कधी?’ प्रश्न विचारल्यावर निदान पाच सेकंद गप्प राहा. ही शांतता अवघड वाटते, पण बरेच जण खरं उत्तर त्यानंतरच देतात. उत्तर ऐकल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगून विचारा, ‘मी बरोबर समजलो ना?’ ऐकता ऐकता मनात उत्तराची जुळवाजुळव चालू असेल तर हे जमणार नाही, त्यामुळे आपण खरंच ऐकत होतो का हेही कळून येतं.

समोरच्याच्या धर्माबद्दल तुम्हाला कितीही माहिती असली तरी ती त्यालाच सांगू नका. तो काय मानतो हे त्याच्याच तोंडून ऐका. एकाच धर्मातल्या दोन माणसांची श्रद्धा सारखी नसते.

तीन मिनिटांची साक्ष

साक्ष लिहून तयार करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. आयत्या वेळी सुचेल यावर विसंबलं की बोलणं वीस मिनिटांवर जातं आणि येशूचं नाव शेवटी कधीतरी येतं. ३०० ते ३५० शब्द लिहा. निवांत बोललं तर ते साधारण तीन मिनिटं भरतात.

नमुना प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये आहे. अग्रिप्पा राजासमोर पौल आधी आपलं पूर्वीचं आयुष्य सांगतो, मग दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशू कसा भेटला ते, मग त्यानंतर काय बदललं ते. तुमच्या तीन मिनिटांत पहिल्या भागाला पाऊण मिनिट पुरे. बाकीचा वेळ पुढच्या दोन भागांना द्या. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं. पूर्वीची व्यसनं, भांडणं, पापं रंगवून सांगितली जातात आणि येशूच्या वाट्याला दोन वाक्यं येतात.

ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना वाटतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला होता आणि पौल त्याची मोठ्या आदराने आठवण काढतो (२ तीमथ्य १:५). अशा वेळी ‘पूर्वी आणि नंतर’ असं न सांगता हे सांगा : घरून मिळालेली श्रद्धा माझी स्वतःची कधी झाली, आणि ती नसती तर अमुक प्रसंगी मी काय केलं असतं.

लिहिलेला मजकूर मंडळीबाहेरच्या एखाद्या जवळच्या माणसाला वाचून दाखवा आणि न समजणारा शब्द आला की थांबवायला सांगा. किती वेळा थांबावं लागतं हे पाहून आश्चर्य वाटेल. ‘माझं तारण झालं’ याऐवजी ‘देवाने मला क्षमा केली आणि स्वतःजवळ घेतलं’ म्हणा. ‘पश्चात्ताप केला’ याऐवजी ‘माझं चुकलं हे मान्य केलं आणि वाट बदलली’. ‘कृपा’ शब्द ठेवायचा असेल तर ‘माझी लायकी नसताना मिळालेलं प्रेम’ असं लगेच उलगडा. ‘कोकऱ्याच्या रक्ताने धुतलो गेलो’ हे शास्त्रातलं आहे आणि मौल्यवानही आहे, पण पहिल्याच भेटीत ऐकणारा त्याने बिचकतो.

आणखी तीन गोष्टी गाळा. आपल्या पूर्वीच्या धर्माची किंवा घरच्यांची निंदा नको. अतिशयोक्ती नको : पूर्ण बरं झालं नसेल तर ‘बरं वाटतंय’ एवढंच म्हणा. आणि आता सगळं सुरळीत आहे असं भासवू नका. येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्याला योहान ९ मध्ये उलटसुलट प्रश्न विचारले गेले, तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते त्याने ठाऊक नाही असंच सांगितलं. जी एक गोष्ट नक्की ठाऊक होती ती मात्र सोडली नाही : आधी दिसत नव्हतं, आता दिसतंय.

साक्षीबरोबरच सुवार्तेचा गाभाही दोन मिनिटांत सांगता यायला हवा. १ करिंथ १५:३-४ मध्ये तो आहे : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, हे सगळं शास्त्राप्रमाणे. साक्ष तुमच्याबद्दल असते, हा भाग त्याच्याबद्दल आहे. नुसती साक्ष ऐकली तर ‘तुम्हाला बरं वाटलं, छान’ म्हणून माणूस पुढे जातो.

परवानगी कशी मागावी

संभाषण गंभीर विषयाकडे वळलं की सरळ विचारा : ‘यावर माझ्या श्रद्धेतून मला जे वाटतं ते सांगू का? नको असेल तरी काही हरकत नाही.’ दुसरं वाक्य उपचार म्हणून जोडू नका, मनापासून म्हणा. ‘नको’ आलं तर ‘बरं’ म्हणून चेहरा न पाडता आधीचा विषय पुढे न्या. ‘हो’ आलं तर दोन-तीन मिनिटं बोला आणि विचारा : ‘तुम्हाला कसं वाटतं?’ होकार एका संभाषणापुरता असतो. पुढच्या भेटीत पुन्हा विचारावं लागतं.

गाडीत, आजारपणाच्या खाटेवर, एकाच टेबलावर अडकलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याचं ‘हो’ पुष्कळदा संकोचाचं असतं. उत्तरं एका शब्दात येऊ लागली, नजर दुसरीकडे जाऊ लागली, हात फोनकडे गेला, की थांबा.

दुःखाच्या घरी

सगळ्यात जास्त इजा इथे होते, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूनेच. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्यांच्याकडून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि तिथून सगळं बिघडलं. आपण मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करणार आहोत हे येशूला माहीत होतं, तरी तो आधी रडला.

पहिल्या भेटीत शिकवण नको, वचनांची यादी नको. ‘देवाची काहीतरी योजना असेल’, ‘तो चांगल्या ठिकाणी गेला’, ‘हा इशारा समजा’ ही वाक्यं तर कधीच नकोत. जा, बसा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला आणि एखादं ठरावीक काम अंगावर घ्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणीच सांगत नाही. ‘उद्या सकाळी मुलांना शाळेत मी सोडतो’ म्हटलं की खरंच मदत होते.

निघताना विचारा : ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ होकार आला तर पुढे विचारा, ‘कशासाठी करू? आत्ता इथे करू की घरी गेल्यावर?’ इथेच म्हणाले तर अर्धं मिनिट पुरेसं आहे. त्यांनी सांगितलेलीच गोष्ट, साध्या बोलीत. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका : ‘प्रभू, यांचे डोळे उघड’ असं म्हणता तेव्हा तुम्ही देवाशी नाही, त्यांच्याशीच बोलत असता. आजारपण असेल तर बरं होण्याची हमी देऊ नका, आणि औषधं थांबवण्याचा सल्ला चुकूनही देऊ नका.

मग आठवड्याने विचारपूस करा आणि पुन्हा महिन्याने. पहिल्या दहा दिवसांत घर भरलेलं असतं. महिन्यानंतर फारसं कुणी येत नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते तेव्हा बोलावंसं वाटतं, आणि विषयाची सुरुवात त्यांच्याकडूनच होऊ द्या.

जिथे तुमचा हात वरचा आहे

तुम्ही साहेब आणि तो हाताखालचा, तुम्ही शिक्षक आणि तो विद्यार्थी, तुम्ही डॉक्टर आणि तो रुग्ण, तुम्ही पैसे देणारे आणि तो घेणारा, अशा नात्यात ‘नको’ म्हणणं समोरच्याला परवडत नाही. म्हणून इथे विषय आपण काढायचाच नाही. त्याने विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि पुढचं बोलणं कामाच्या जागेबाहेर, त्याच्या सोयीने ठेवा. मुलं लहान असतील तर आईवडिलांना ठाऊक असल्याशिवाय काहीही नको.

मदत आणि सुवार्ता यांची गाठ कधीही बांधू नका. औषधाचे पैसे दिले, धान्य दिलं, फी भरली, तर त्याच भेटीत श्रद्धेचा विषय काढू नये, असा नियमच करा. सभेला आला काय, न आला काय, मदत तेवढीच राहिली पाहिजे. लज्जास्पद गुप्त गोष्टी आणि कपट आम्ही सोडून दिलं आहे, असं पौल २ करिंथ ४:२ मध्ये सांगतो, आणि आमिष हे कपटच आहे. अनेक देशांत दबावाने किंवा आमिषाने धर्म बदलायला लावण्याविरुद्ध कायदे आहेत. आपल्या ठिकाणचा कायदा समजून घ्या. तो नसता तरी हा नियम असाच राहिला असता.

दुसऱ्यांची श्रद्धा आणि अवघड प्रश्न

अथेनैत (अथेन्स शहरात) मूर्ती पाहून पौलाचा आत्मा अस्वस्थ झाला होता. तरीही तो उभा राहून बोलला ते एका ‘अज्ञात देवाच्या’ वेदीपासून सुरुवात करून आणि त्यांच्याच कवींचे शब्द घेऊन. इफिसात दंगल उसळली तेव्हा तिथल्या नगराधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९:३७). परधर्मीयाने दिलेलं हे प्रशस्तिपत्र तुमच्याबद्दलही द्यावंसं वाटेल, असं बोला.

प्रश्न आला की तो कुठून येतोय ते आधी ओळखा. ‘देव चांगला असेल तर हे का होऊ देतो?’ हा प्रश्न वाचनातून आलेला असू शकतो किंवा मेलेल्या लेकरासाठीही असू शकतो. ‘हे विचारावंसं का वाटलं?’ एवढं विचारलं की कळतं. विचारातून आला असेल तर विचारपूर्वक उत्तर द्या. जखमेतून आला असेल तर ऐका. मंडळीने किंवा एखाद्या ख्रिस्ती माणसाने दुखावलं असेल तर त्यांची बाजू घेऊ नका. ‘ते चुकीचंच होतं, मला वाईट वाटतं’ म्हणा. आणि नुसता जिंकण्यासाठी वाद असेल तर हसून सोडून द्या.

उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, शोधून सांगतो’ म्हणा आणि आठवड्याच्या आत खरंच सांगा. दिलेला शब्द पाळला याची छाप उत्तरापेक्षा जास्त पडते.

फोनवर एकच नियम पाळा : जे तोंडावर, विचारून सांगाल तेवढंच पाठवा. गटात वचनं आणि व्हिडिओ रोज फॉरवर्ड करणाऱ्याचे संदेश कुणी उघडत नाही.

सोबत वाचन

कुतूहल दिसलं तर बायबल हातात देऊन मोकळे होऊ नका, सोबत वाचा. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली तर लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत दमछाक होते आणि प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापासून केली तर गोंधळ उडतो. आधी लूक १५ मधली हरवलेल्या मुलाची गोष्ट एका बैठकीत वाचा. आवडली तर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. १६च अध्याय आहेत. आठवड्याला दोन धरले तर आठ आठवड्यांत होतं. बैठक पाऊण तासाची, आणि वेळ झाली की बोलणं रंगात असलं तरी थांबवायची. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न : काय घडलं? यात येशू कसा दिसतो? हे खरं असेल तर माझ्यासाठी काय बदलतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी तुम्ही द्या, आणि स्वतःबद्दल द्या. समजावून सांगण्याचा मोह आवरा, उतारा त्याला वाचू द्या.

घरची माणसं

घरच्यांशी बोलणं सगळ्यात अवघड, कारण तुमचा राग, आळस, हट्ट त्यांनी जवळून पाहिलेला असतो. येशूच्या स्वतःच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). पुढे मरणातून उठलेला येशू त्यांच्यापैकी याकोबाला भेटला. इथे शब्द कमी आणि वर्षं जास्त लागतात. घरच्या समारंभांना जाता येईल तितकं जा. जिथे सहभागी होता येत नाही तिथे कारण आधी, एकांतात आणि नम्रपणे सांगा. ऐन कार्यक्रमात तोंड फिरवून उभं राहिलं की ते अपमानासारखं दिसतं.

नाही म्हणाला तर, हो म्हणाला तर

अथेनैत काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा केव्हातरी ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी व आणखी काहींनी विश्वास ठेवला. उत्तरं याच तीन प्रकारची येतात. ‘सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये’ हे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने अटी सैल केल्या नाहीत आणि त्याच्यामागे धावतही गेला नाही. मार्क १०:२१ मध्ये लिहिलंय की येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली. नकार देणाऱ्याला पुढच्या आठवड्यात नेहमीसारखाच फोन करा आणि त्या फोनमध्ये हा विषय काढू नका. वहीतलं नाव खोडू नका.

‘हो’ आलं तर आनंद करा, पण घाई करू नका. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशोब करावा, असं लूक १४:२८ सांगतं. घरचे काय म्हणतील, काय सोडावं लागेल, कशाने त्रास होईल, हे त्याच्यापासून लपवू नका. प्रार्थना त्याला त्याच्याच शब्दांत करू द्या, अडखळली तरी चालेल. बाप्तिस्म्याची तारीख तुम्ही ठरवू नका, तो निर्णय तो आणि मंडळीचे पाळक नीट शिकवण झाल्यावर घेतील. पहिल्या रविवारी मात्र ‘मंडळीत ये’ एवढं सांगून थांबू नका. त्याला घरून सोबत घेऊन जा, शेजारी बसा, कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते हळूच सांगत राहा, आणि उपासना संपल्यावर मंडळीतल्या निदान दोघांशी त्याची ओळख करून द्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही नसलात तरी तिथे त्याला नावाने हाक मारणारं कुणीतरी असेल.